महानंदाचा पेपर आणि टेबलाखालचा मी

माझ्या बायकोला पदवी परीक्षेत नापास करायचं काम मी जवळजवळ एकट्यानं उरकत आणलं होतं.

महानंदा उदगीरची. लग्नापायी तिचं बी.ए. शेवटच्या वर्षाला तुटलं. पुढं लातुरात आमचं डाळीचं दुकान, पोरं आणि मी (पोरांपेक्षा मी अवघड!) यांच्या रगाड्यात कितीतरी वर्षं गेली. मग घरबसल्या ऑनलाइन पदवी निघाली. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ती भाकरी थापता थापता प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकायची.

शेवटचा पेपरही घरीच, कॅमेऱ्यासमोर. नियम कडक. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको. तिसऱ्या ताकिदीला पेपर बंद, वर्ष वाया!

"अहो, तुम्ही फक्त दाराबाहेर बसा. कुणाला आत सोडू नका," ती म्हणाली.

बसलो. आत एकदम शांतता. जरा वेळानं मला काळजी वाटली. एवढी शांतता बरी का? दार ढकलून डोकं आत घातलं.

"जमतंय ना?"

लॅपटॉप बोलला, "खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. पहिली ताकीद."

महानंदानं मान वळवली नाही (वळवता येत नव्हती, म्हणून मी वाचलो!).

दार ओढून घेतोय तोच आई महादेवाच्या देवळातून आली. तिला कमी ऐकू येतं.

"बसवा," तिनं मला हाक मारली, "सूनबाई कुठं हाय?"

"पेपर चालू हाय. बोलू नको," मी कुजबुजलो.

"काय?"

"बोलू नको!"

"जरा मोठ्यानं बोल की!"

"आई, आवाज करू नको!!" मी असा गरजलो की शेजारचे लोक गॅलरीत आले.

आतून आवाज आला, "दुसरी ताकीद."

आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली! वायफाय बंद. आत महानंदा टेबलावर बोटं आपटायला लागली. आता माझ्या मोबाईलचं नेट द्यायला पाहिजे होतं. पण कॅमेऱ्यात दिसलो तर सगळं संपलं. मी पालथा पडून सरपटत आत निघालो. टेबलाखाली घुसून नेट सुरू केलं. लॅपटॉप जोडला गेला, पेपर पुढं चालू! (हे नेट दारातूनही पोचलं असतं, असं थोरल्या पोरीनं नंतर सांगितलं.)

परत फिरायला गेलो तर पोट टेबलाच्या आडव्या दांडीत अडकलं. तेवढ्यात मोबाईल थरथरला. मार्केट यार्डातला अडत्या! कट करायला गेलो आणि घामेजल्या बोटानं उचलला गेला.

"आप्पा, तुरीचं काय क..."

मी मोबाईल छातीखाली घेऊन त्यावर आडवा झालो. वरून महानंदाचं पाऊल माझ्या पाठीवर पडलं आणि गच्च दाबून राहिलं. दोघांनीही श्वास रोखला.

लॅपटॉप गप्प राहिला.

"तुमची उत्तरपत्रिका जमा झाली," असं तो म्हणाला तेव्हा कुठं पाऊल हललं. महानंदा खाली वाकली. आता पूजा होणार म्हणून मी डोळे मिटले, तर ती हसत होती. हसता हसता तिथंच माझ्याजवळ फरशीवर बसून रडायला लागली.

ती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. आता एम.ए.ला नाव घातलंय. त्या पेपरांच्या वेळी मी मिरच्या आणायला धर्माबादला जायचं, असं घरात एकमतानं ठरलंय.

घरात मिरच्या भरपूर आहेत.