प्यायचं की चोळायचं?

सकाळी गिरणीच्या डॉक्टरांनी दादाला तपासलं होतं. दुपारी वहिनी औषध घेऊन आली तेव्हा तो तापानं बरळत होता. तिनं बाटलीतलं औषध वाटीत ओतलं, दादाची मान उचलली. टर्पेंटाइनचा भपकारा आला. मी वाटी हिसकावली. बाटलीच्या चिठ्ठीवर इंग्रजीत भलत्याच कुणाचं नाव नि गिरणीच्या बिल्ल्याचा आकडा. गुडघ्याला चोळायचं तेल ते! दादाच्या घशात चाललं होतं.

"नाव नाही विचारलं कंपाउंडरनं?"

"विचारलं की, भावजी." वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, आमच्या घरातल्यांचं. तर म्हणतो, उखाण्यात घे की मग! सगळी रांग हसली. त्यानं बाटली सरकवली, मी उचलली."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत खुळचट आहे, हे मी लिहितो त्या पत्रकांतून कैकदा सांगितलंय. पण म्हणून नवऱ्यानं मरायचं?

आईला दादापाशी बसवलं. खुंटीवरचा त्याचा पितळी बिल्ला वहिनीच्या हातात दिला आणि दोघं दवाखान्यात गेलो.

कंपाउंडर आमच्यावरच उखडला. "बायका नाव सांगत नाहीत. मी काय ज्योतिषी आहे?"

"नाहीस, म्हणूनच विचारत जा!"

डॉक्टर बाहेर आले. बाटली हुंगली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी खिशातल्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर खरडलं: बिल्ला कितवा? दुखणं काय? प्यायचं की चोळायचं? घेणाऱ्यानं परत म्हणून दाखवलं का? चारही झाल्याशिवाय बाटली सोडायची नाही.

"उद्यापासून बघू. रांग केवढी आहे!"

"मग हे तेल आज तुम्ही पिता का, डॉक्टर?"

चिठ्ठ्या डकवायची खळ घेऊन त्यांनी कागद स्वतः खिडकीवर चिकटवला.

"आवरा की! शाळा भरवलीय का हितं?" रांगेतून कुणी ओरडलं.

वहिनीनं बिल्ला पुढं ठेवला. दादाची बाटली फळीवर तशीच उभी होती. आकडा जुळला. दुखणं विचारून झालं.

"प्यायचं. परत सांगा, काय करायचं?" कंपाउंडर दातओठ खात म्हणाला.

वहिनी पदराआडून पुटपुटली.

"ऐकू येत नाही, बाई."

"प्यायचं!" ती अशी ओरडली की रांग गप्प झाली. त्यानं बाटली सोडली.

घरी वाटी भरल्यावर तिनं ती आधी माझ्या नाकाशी धरली. मग स्वतः हुंगली. मगच दादाची मान उचलली.