साडूंनी न काढलेली किंमत

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत खरं बोलून माणसांचं नुकसान करण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. जागा तारण ठेवून कोणी कर्ज मागितलं, की तिची किंमत काढायला बँक ज्यांना पाठवते, ते व्हॅल्युअर म्हणजे आमचे साडू. मी जमिनींचे व्यवहार जमवतो. म्हणजे जागेचं कौतुक मी करायचं आणि ते त्यांनी पुसून टाकायचं, अशी कामाची वाटणी आमच्या सासुरवाडीनं न सांगताच करून ठेवली आहे.

आमच्या धंद्यात 'रोड टच' हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जातो. रस्ता दिसला तरी टच, गाडीचा हॉर्न ऐकू आला तरी टच. आळेफाट्याजवळची अशीच एक जागा मी जुन्नरच्या एका कापड व्यापाऱ्याला जवळजवळ पटवली होती. कर्जासाठी साडू बघायला आले. कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडाला पाय टेकवून ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट मातीत आडवे झाले आणि हात डांबराकडे ताणला. मधल्या पट्टीत तिसऱ्याच माणसानं गुरांसाठी लावलेला घास उभा होता. त्या घासातून साडूंचा आवाज आला, "पावणं, मी काय पुरत नाय! टच म्हणजे हात लागाया पायजे का नको?" व्यापारी पोट धरून हसला, आणि हसत हसतच व्यवहारातून उठला. त्याच्या हसण्याचा मला राग नाही. पण शर्टाची माती झटकत साडूंनी मलाच विचारलं, "पाठीमागं लई लागलीय का वो?" त्याचा आहे.

ज्याची जागा बघायची त्याच्या घरचं ते पाणीसुद्धा घेत नाहीत. जुन्नरच्या पेठेतल्या एका मारवाडी बाईंना याचं फार वाईट वाटलं. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या त्या बाई ठसक्यात म्हणाल्या, "का वो साहेब, आमच्या चहात काय विष हाय का?" साडू हात जोडून म्हणाले, "न्हाई वहिनी, साखर हाय. साखरेनं आकडा फुगतो." सासूबाईंनी नवं घर बांधलं, तेव्हा सगळे जावई वा वा करत असताना यांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवली आणि म्हणाले, "हितं पोकळ हाय." सासूबाई सगळ्या मुलींच्या देखत रडल्या. पुढं पावसाळ्यात नेमकं तिथंच प्लास्टर सुटलं, तेव्हा सासूबाईंना भिंतीपेक्षा साडूंचाच राग जास्त आला.

हे सगळं मी हसून सांगतो. आता सांगतो ते हसून सांगता येत नाही.

आळेफाट्याला ज्या गॅरेजात मी पोरवयात ट्रक धुतले, त्याच्या शेजारची जागा विकायला निघाली होती. तिथं माझं स्वतःचं हॉटेल व्हावं, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात भाव न करता मागितली असेल. कर्जासाठी कळंबची जमीन तारण द्यायची ठरली. स्वतःच्या कमाईची माझी पहिली जमीन ती. विहिरीला बारमाही पाणी आणि रस्ता खराखुरा बांधाला लागून. धंद्यात पहिल्यांदाच मला एक शब्दही वाढवून सांगायची गरज नव्हती. बँकेनं फाइल साडूंकडं पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तशीच परत केली.

मी जुन्नरला त्यांच्या घरी जाऊन दारातूनच ओरडलो, "मी काय खोटं ल्ह्या म्हनतोय का? खरंच ल्ह्या ना!"

"साडूनं लिवलेलं खरं बँक का म्हणून मानील?"

"बँकेला मी बघतो."

"बँकेचं जाऊ द्या, पावणं," ते खाली बघत म्हणाले. "मी खरं लिवलं का माया लिवली, ते माझं मला तरी कसं कळायचं?"

मग पुण्याहून दुसरे साहेब आले. त्यांनी गाडीची काच अर्धी खाली केली, मोबाइलवर फोटो काढला आणि कुठल्याही माळरानाला शोभेल अशी किंमत लिहिली. कर्ज अपुरं पडलं. फाट्यावरची जागा दुसऱ्यानं घेतली. त्याच्या हॉटेलसमोर आज ट्रक उभे असतात, आणि मी मान वळवून पुढं जातो.

बरेच दिवस मी साडूंशी बोललो नाही. बहिणी-बहिणी फोनवर बोलायच्या, आम्ही दोघं सणावारी भेटलो तरी शेजारी बसून नुसता टीव्ही बघायचो. मग एका रविवारी ते आपणहून कळंबला आले. बांधावरून हिंडले, विहिरीत वाकून बघितलं, मूठभर माती उचलून बराच वेळ हातात धरून बसले. मला राहवलं नाही. "कागद नको, सही नको," मी म्हणालो. "नुसतं तोंडानं सांगा. तुमी किती धरली असती?"

"आज साडू म्हणून आलोय वो," ते म्हणाले. "बसू द्या की जरा."

या जमिनीला आता गिऱ्हाइकं येतात, पुण्याची, नाशिकची. आकडे चांगले सांगतात. समोरच्याच्या मनातला शेवटचा आकडा त्याच्या डोळ्यांवरून ओळखण्यात माझी हयात गेली, त्यामुळं ते किती चढतील हेही मला कळतं. तरी मी त्यांना चहा पाजून परत पाठवतो. बायको विचारते, विकायची नाही तर दाखवता कशाला? तिला काय सांगू? कोणी कितीही बोललं तरी ते मला खरं वाटत नाही, आणि ज्या एका माणसाचं खरं वाटलं असतं, तो दर दिवाळीला माझ्याकडं जेवायला येतो आणि जमिनीचं सोडून सगळं बोलतो.