मामाचा पहिला घास

पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला लागून पाळणाघर आहे आणि ते वत्सलाबाई सांभाळतात. हंगाम सुरू झाला की बाया आत घड निवडायला जातात आणि त्यांची पोरं येतात वत्सलाबाईंच्या पदरात. पेज किती पातळ करायची, कोणतं पोर ठसकतं, कोणतं थुंकतं, हे त्यांना तोंडपाठ. पण यंदा मोहिनीनं त्यांच्या डोक्याला जो ताप दिला, तसा आजवर कुणी दिला नव्हता.

मोहिनी सुरगाण्याकडची. तिचा साई आठ महिन्यांचा झाला तरी निव्वळ अंगावर पीत होता. वजन वाढेना. तपासायला आलेली नर्स स्पष्टच म्हणाली, नुसत्या दुधावर आता भागायचं नाही, वरचं सुरू करा.

"मावशी, पहिला घास मामाचाच, असं सासूनं बजावलंय," मोहिनी म्हणाली. "माझा मंगळूदादा रविवारी येणार हाय. तोवर काय देऊ नका. माझी शपथ हाय तुम्हाला."

वत्सलाबाईंनी शपथ मानली आणि तिथंच त्या फसल्या.

रविवार आला, मामा नाही आला. पुढच्या रविवारी फोन आला की अंगात ताप आहे. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणे गाडीच मिळाली नाही.

"हा मामा हाय का मंत्री?" वत्सलाबाई कडाडल्या. "नुसत्या तारखा देतो!"

मोहिनी खाली मान घालून कामावर निघून गेली. तिला बोलून तरी काय होणार होतं?

जेवणाची वेळ तर नको नको व्हायची. बाकीची पोरं वाट्यांपुढे बसली की साई रांगत यायचा आणि आ वासून थांबायचा. वत्सलाबाई त्याला उचलून खिडकीशी न्यायच्या, हायवेवरचे टेम्पो दाखवायच्या. टेम्पो बघून कुणाचं पोट भरतं? पोर मागे वळून वाटीकडे बघत रडायचं. एकदा त्यांनी चमचा त्याच्या ओठांपर्यंत नेला आणि तसाच मागे घेतला. पोर दुसऱ्याचं, शपथही त्याच्या आईची. त्या दिवशी त्यांना सगळ्यांचाच राग आला, मोहिनीचा, तिच्या सासूचा, त्या न दिसलेल्या मामाचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

असाच त्यांचा त्रागा चालू असताना टेम्पोवाला इसाक पाणी प्यायला आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मंगळू? सुरगाण्याचा? भुवईवर व्रण हाय तो?" इसाक म्हणाला. "मावशी, तो तर समोरच्या कोल्ड स्टोरेजला हाय. हंगाम लागल्यापासनं माझा टेम्पो तोच भरतो."

वत्सलाबाईंनी पदर खोचला. पोरं मदतनीस बाईच्या हवाली केली आणि तरातरा हायवे ओलांडला.

जाड जाकीट घातलेला मंगळू क्रेट रचत होता.

"तू साईचा मामा ना?"

त्याचा चेहराच उतरला. "वाटी नाय जमली, मावशी."

"कसली वाटी?"

"आमच्या सुपरवायझरच्या नातवाचं उष्टावण झालं. मामानं चांदीची वाटी आणली व्हती. मी रिकाम्या हातानं कसा येऊ? चारचौघींत मोहिनीची मान खाली जाईल."

वत्सलाबाईंना हसावं की रडावं कळेना. "अरे येड्या, वाटीपायी पोर उपाशी हाय!" असं म्हणत त्यांनी त्याच्या दंडाला धरलं ते थेट पाळणाघरात आणून सोडलं.

मोहिनीला आतून बोलावलं. ती भावाकडे बघत राहिली.

"दादा, समोर व्हतास?"

मंगळूनं मान डोलावली. वत्सलाबाईंनी पाळणाघरातली पोचे पडलेली स्टीलची वाटी त्याच्या हातात कोंबली. वाटीत नागलीची पेज होती आणि वर तुपाचा थेंब. मंगळूनं गारठलेली बोटं जाकिटावर चोळून गरम केली आणि पेजेचं बोट साईच्या जिभेला लावलं. साईनं ते चाटून पुसून घेतलं आणि मामाचं बोट घट्ट धरून ठेवलं.

मंगळूनं बोट सोडवून घेतलं आणि वाटी खाली ठेवली. एक घास झाला, विधी संपला. साईनं भोकाड पसरलं.

मंगळू गोंधळून बहिणीकडे बघू लागला. "आता पुढचा कुणी द्यायचा?"

मोहिनीलाही ते माहीत नव्हतं. दोघं भाऊ-बहीण एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली आणि मधे पोर रडत राहिलं.

"अरे कुणीबी द्या!" वत्सलाबाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या. "पण द्या रे!"

मोहिनीनं झडप घालून वाटी उचलली. डोळे वाहत होते, तरी ती भरवत राहिली. वाटी संपली तरी साईनं तोंड मिटलं नाही.