रळियातबाचे चाळीस मरशिये

कामरगावच्या बाजारात लोहाणा गुजरात्यांची सात घरं होती, आणि त्या सातही घरांतली सगळी मरणं रळियातबाच्या गळ्यातून गेली होती. त्यांच्यात माणूस गेलं की बायका अंगणात गोल करून उभ्या राहायच्या आणि ऊर बडवत मरशिया म्हणायच्या. एक बाई ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या, आणि सगळ्यांचे हात एका ठोक्यावर पडायचे. ओळ उचलणारी गेलेल्या माणसाचं नाव गाण्यात गुंफायची. ऐकणाऱ्या परक्या बाईलाही वाटायचं, आपलंच कुणी गेलं.

रळियातबा काठेवाडातून लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची होती. आईकडून चाळीस मरशिये घेऊन आली. दागिने त्याहून कमी होते. पुढं कारंजा, शेलूबाजार, मूर्तिजापूर, कुठल्याही गुजराती घरी मयत झालं की तिच्यासाठी बैलांची दमणी यायची.

ह्या गाण्याला बंधनं होती. मेलेलं माणूस असल्याशिवाय ते तोंडातून काढायचं नाही. उगाच काढलं तर ज्याचं नाव येईल तो जातो. आणि एका माणसाचा मरशिया एकदाच. त्यामुळं घरात बसून कुणाला शिकवायची सोय नव्हती. शिकायचं ते गोलात उभं राहून. पण सात घरांत मरणं किती होणार? शाळा शिकलेल्या नव्या सुना पदराआड नुसते ओठ हलवायच्या.

रळियातबाचा नवरा लवकर गेला होता. एकच मुलगा, वीरजी. पहिलं महायुद्ध संपल्यावर दुसऱ्या वर्षी तो आफ्रिकेत मोंबासाला गेला, तिथल्या एका दुकानात कामाला. दीड वर्ष पत्रं आली, मग बंद. जाणाऱ्या-येणाऱ्याकडं विचारलं, आगबोटीच्या कचेरीत लिहिलं, काही कळलं नाही. त्याची बायको संतोक तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता तेहतीसची झाली. दोघी सासू-सुना मिळून किराण्याचं दुकान चालवत.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे. बारा होऊन वर दोन गेली. रळियातबा दरवर्षी काहीतरी काढायची. यंदा अधिक महिना आहे, यंदा सिंहस्थ आहे. संतोक कपाळाला कुंकू लावी, हातात चुडा घाली आणि नवरा परगावी असलेल्या बाईनं पाळायचं ते सगळं पाळी. नवी साडी नाही, लग्नाला जाणं नाही, सोमवार आणि एकादशी उपाशी. कारंज्याला तिचा भाऊ होता. तो म्हणायचा, "निकाल लागू दे, त्याच दिवशी न्यायला येतो. नवरा हयात असताना सासर सोडून आलीस तर मी लोकांना काय सांगू?"

पस्तीस सालच्या मार्गशीर्षात प्राणशंकरभाई कामरगावला आले. गुजरातीतले नावाजलेले लेखक, गावोगाव फिरून बायकांची गाणी गोळा करणारे. अकोल्याच्या गुजराती मंडळींनी त्यांचा सत्कार केला, तिथं त्यांनी रळियातबाचं नाव ऐकलं. सत्काराचा हार तिथंच ठेवून ते लहान रेल्वेगाडीनं कारंज्याला आणि तिथून दमणीनं दुकानाच्या पायरीशी आले. बगलेत जाड वही होती.

"बा, मला मरशिये लिहून घ्यायचे आहेत."

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग कसं म्हणू? तुमच्या नावानं म्हणू का?"

प्राणशंकरभाई हसले. तेही काठेवाडचेच होते, हे बंधन त्यांना ठाऊक होतं. चहा पिऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "बा, तुमच्या आईचं नाव आज कुणाला माहीत आहे? ती गाण्यात उरली आहे. तुम्ही गेलात की आईही जाईल." ते दोन दिवस धर्मशाळेत थांबणार होते.

हे बोलणं रळियातबाला लागलं. सकाळी विहिरीवर तिनं ते शेजारच्या पंचफुलाला सांगितलं. पंचफुला कुणब्याची, तिच्याच वयाची, तोंडानं फटकळ. बादली ओढता ओढता ती म्हणाली, "म्हंजे मेलेलं मानूस पाह्यजेन तुमाले?"

"हां."

"अवो बा, तुमच्या घरात चवदा वर्सांपासून एक पडून हाये नं, न जाळलेलं. त्याच्यापायी जितं मानूस सडून राह्यलं. दिसत नाही काय तुमाले?"

रळियातबानं घागर तशीच ठेवली.

"राग आला तं येऊ द्या," पंचफुला म्हणाली, "मी त्या पोरीले रोज पाह्यतो."

दुकानात संतोक धणे चाळत होती. रळियातबा समोर बसली.

"पुतळा करू या का?"

संतोकचा हात थांबला. "करून टाका, बा."

"तुला वाटतं, तो गेला?"

"मला काही वाटत नाही. वाटून वाटून संपलं." मग ती म्हणाली, "मी काय त्याचं मरण मागते का? गेला असेल तर गेला म्हणा. मला भावाकडं जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यापलीकडं सगळे जमले. गावचे भटजी शालिग्राम महाराज यांनी पळसाची पानं मोजून पुतळा बांधला. डोक्याला नारळ ठेवला. वीरजीचा चुलतभाऊ अग्नी द्यायला उभा राहिला. बायकांनी गोल केला. संतोक मधे बसली. चुडा फोडायला एक विधवा तिच्याशेजारी बसली होती. प्राणशंकरभाई झाडाखाली वही उघडून बसले.

रळियातबानं ओळ उचलली, "भरल्या ताटावरून उठून गेलं कोण?" बायकांनी झेलली. ठोका पडला. पुढच्या ओळीत नाव यायचं. रळियातबानं श्वास घेतला. त्या पुतळ्याकडं पाहिलं. पानं ओली होती, नारळाची शेंडी वाऱ्यानं हलत होती, आणि तिला वीरजीचं जावळ दिसलं. देवानं आईचं तोंडच असं केलंय, तिथून लेकराचं मरण बाहेर पडत नाही.

"भरल्या ताटावरून," ती म्हणाली, "रळियात गेली."

गोलातल्या बायकांचे हात वरच्या वर राहिले. कुणी ओळ झेलली नाही. महाराज म्हणाले, "बा, चुकलात."

ती चुकली नव्हती. तिनं दुसरी ओळ उचलली, तिसरी उचलली, आणि प्रत्येकीत स्वतःचं नाव घातलं. बायका एकेक करून मागं सरल्या, मग घरी निघाल्या. स्वतःचा मरशिया म्हणणारी बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. चुलतभाऊ पलिता विझवून गेला. उन्हं डोक्यावर येईपर्यंत रळियातबा एकटी ऊर बडवत चाळीसच्या चाळीस मरशिये म्हणत राहिली आणि प्राणशंकरभाई मान वर न करता लिहीत राहिले. पुतळा तसाच पडला होता. दुपारी शेळ्या आल्या आणि पानं खाऊन गेल्या.

घरी परतताना संतोक मागून चालत होती. कपाळावर कुंकू तसंच, हातात चुडा तसाच. दाराशी ती म्हणाली, "बा, तुम्ही त्याला वाचवलंत. मला कुठं ठेवलंत?"

रळियातबा तशीच मागच्या खोलीत गेली.

ज्याचा मरशिया झाला, तो गेला. सातही घरांनी तसंच धरलं. तिला लग्नाकार्याला बोलावणं बंद झालं, आणि मयतीलाही. मेलेली बाई दुसऱ्या मेलेल्याला कसं रडणार? तिच्या हातचं गूळ-तेल कोणी घेईना. गल्ल्यावर संतोक एकटीच बसायची. रळियातबा मागच्या खोलीत ठाकुरजींसमोर माळ घेऊन असायची. तिनं तक्रार केली नाही. स्वतः म्हटलेलं तिनं स्वतः पाळलं. फक्त पंचफुला येऊन बसायची.

"तुमच्या डोक्यात काय शिरलं होतं वो बा?" ती एकदा म्हणाली. "मी काय सांगतलं होतं, अन् तुमी काय केलं?"

"त्याचं नाव निघालं नाही गं."

"अन् हिचं काय?"

"तेच तर," रळियातबा म्हणाली. तिची माळ पुढं सरकत नव्हती.

दोन वर्षांनी पावसाळ्यात ती तापानं गेली. जाण्याआधी संतोकला जवळ बोलावून म्हणाली, "माझ्यानं झालं नाही. माझ्यामागं तू कर. माझी आण नाही, काही नाही. तू कर." अंगणात बायका जमल्या, पण गोल झाला नाही. तिचा मरशिया होऊन गेला होता. चाळीस वर्षं गावाला रडवलेल्या बाईला तिरडीवर मुक्यानं नेलं.

महिन्याभरानं टपालानं प्राणशंकरभाईंचं पुस्तक आलं. चाळीसही मरशिये होते, आणि प्रत्येकात रळियातबाचं नाव तसंच ठेवलेलं.

त्या कार्तिकात संतोकनं स्वतः शालिग्राम महाराजांना सांगून पुतळा बांधवला. नाल्यापलीकडं पुन्हा बायका जमल्या. सगळ्यांत वयस्क होती ती म्हणाली, "पुस्तक आणलंस ना? नाव बदल आणि वाच."

संतोकनं पहिलं पान उघडलं, ओळ वाचली, वीरजीचं नाव घातलं. ते नाव तिच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा निघालं. नवऱ्याचं नाव बायको घेत नसते. पण बायकांना ओळ झेलता येईना. पुस्तकात शब्द होते, चाल नव्हती. कुठं थांबायचं, कुठं ओढायचं, हे जिला ठाऊक होतं ती गेली होती. एकीनं एक सूर लावला, दुसरीनं भलताच. शेवटी सगळ्या गप्प झाल्या आणि नुसताच ऊर बडवू लागल्या. गाण्याशिवाय हात एकत्र पडेनात. कुणाचा आधी, कुणाचा नंतर, गारपीट पत्र्यावर पडावी तसा तो आवाज होत राहिला.

चुलतभावानं अग्नी दिला. पळस हिरवा होता, धूरच जास्त झाला. विधवेनं दगड उचलला तेव्हा संतोकनं तिचा हात बाजूला केला, दोन्ही मनगटं स्वतःच दगडावर आपटली आणि रक्त पुसत विचारलं, "कारंज्याला निरोप गेला का?"