हिरवं ठिगळ

“दार शोधा, भिंतीवर डोकं आपटू नका.” पाचवीच्या बाई हे दिवसातून दहादा म्हणायच्या. मुलांना, मला, एकदा तर अडकलेल्या कुलपालासुद्धा. मी त्या शाळेचा शिपाई. घंटेखालच्या स्टुलावरून त्यांचा वर्ग सरळ दिसायचा.

एका प्रशिक्षणाहून बाई पेटून आल्या. बुद्धी एकच नसते, आठ प्रकारची असते म्हणे. कुणाची शब्दांत, कुणाची सुरांत, कुणाची हातांत. शेजारच्या शिंपीणबाईंनी चिंध्यांचं गाठोडं दिलं आणि बाईंनी प्रत्येक मुलाच्या खांद्यावर त्याच्या बुद्धीच्या रंगाचं ठिगळ शिवलं. शब्दांना निळं, हातांना हिरवं.

“बाई, वर्ग आहे की गोधडी?” हेडमास्तर म्हणाले.

पण गोधडीला ऊब होती. शिंपीणबाईंची मुलगी आकडे दिसले की रडायची. तिने कापडाचे सारखे तुकडे कापत कापत भागाकार सोडवला आणि स्वतःच दचकली. बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘हिची बुद्धी हातांत आहे.’

सुटी संपली. मुलगी आलीच नाही. चौथ्या दिवशी बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या.

पोरगी शिलाई मशीनवर बसली होती. पाय जेमतेम खाली पोचत होते. खांद्यावर हिरवं ठिगळ, आणि वर भिंतीवर, काचेच्या चौकटीत, प्रगतिपुस्तकाचं ते पान.

“या बाई!” शिंपीणबाई हसत उठल्या. “तुमच्यामुळे डोळे उघडले बघा. बुद्धी हातांत, मग पुस्तकात डोळे कशाला फोडायचे? शाळेतून नावच काढून घेते आता.”

बाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. बाई मुलीकडे वळल्या.

“तुला यायचं नाही का गं?”

“यायचंय बाई. पण वाचणं निळ्यांचं ना? माझं हिरवं आहे.”

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. मग त्यांनी कात्री मागितली आणि मुलीच्या खांद्यावरचा एकेक टाका उसवायला घेतला.

“माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “मी दार दाखवायला गेले आणि पोरीला भिंतीतच चिणून बसले. ताई, तिला उद्या पाठवा. नाही पाठवलीत तर मी रोज इथे येऊन वाचायला शिकवीन.”

“आणि मशीन?”

“चालू दे की. मी ओरडून शिकवीन.”

शिंपीणबाईंना हसू आलं नाही. ठिगळ मुठीत धरून बाई निघाल्या. मला ‘चला’ म्हणायचंही विसरल्या. उन्हात त्यांची पाठ लहान होत गेली. पोरगी उंबऱ्यावर उभी राहून पाहत होती, बोट खांद्यावरच्या सुईच्या भोकांवर. तिच्या मागे तिची आई. माझाही पाय हलेना.

बाई वळणाआड जाईपर्यंत शिंपीणबाई तशाच उभ्या होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “दप्तर कुठे टाकलंयस गं?”