ताईंनी दोनदा रंगवलेला डोळा

रजईला खोळ घालत होते. दोन कोपरे बसले होते, तिसऱ्यासाठी मी खांद्यापर्यंत खोळीत शिरले होते, तेवढ्यात दारातून ताईंचा आवाज आला, "तुझं मोठं पातेलं लागणार आहे. आणि आधी चप्पल घाल, माझ्याबरोबर चल."

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. डोळ्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्या नकली डोळे बनवतात. ज्याचा एक डोळा गेला, त्याच्या दुसऱ्या डोळ्याला जोड म्हणून. त्यांचे सासरे काचेचे डोळे फुंकायचे, त्यांच्याच हाताखाली त्या शिकल्या. मी नवी नवरी असताना त्यांच्या घरी चमचा शोधायला खण उघडला, तर खणभर डोळे माझ्याकडे टक लावून! मी किंचाळलेच. सासरे आतून म्हणाले, "अगं, ते कुठे तुला बघतायत? तूच त्यांना बघतेयस."

पुढे काच मागे पडली, प्लॅस्टिक आलं. काचेवर हात बसलेला असताना ताईंनी सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं. अंगावर कायम राखाडी कपडे. लोक नावं ठेवतात, पण भडक कपड्याची झाक समोरच्याच्या डोळ्यात उतरते आणि रंग चुकतो, हे लोकांना कुठे माहीत!

आज मात्र चेहराही राखाडी पडला होता. वाटेत त्यांनी सांगितलं.

शाळेत विज्ञान शिकवणारी एक तरुण मुलगी. प्रयोग दाखवताना काचेचा चंबू फुटला आणि उजवा डोळा गेला. तेव्हापासून ती घराबाहेर पडत नव्हती. सोमवारी शाळेत जाईन, नाहीतर राजीनामा देईन, असं तिनं ठरवलं होतं. काल ताईंनी डोळा बसवला. तिनं आरसा पाहिला, डोळा काढून टेबलावर ठेवला. "एका बाजूनं भूत पाहिल्यासारखी दिसतेय मी. राहू दे. राजीनामाच देते."

"आणि चूक कुणाची? माझी," ताई म्हणाल्या. "रंगवायच्या दिवशी पोर थेट डॉक्टरांकडून चांगला डोळा तपासून आली होती, थेंब घालून. त्या थेंबांनी डोळ्यातली बाहुली मोठी होते. मी ती तशीच मोठी रंगवली. समोर बसलेल्याला पहिलं विचारायचं, औषध घातलंय का? सासऱ्यांनी घोकून घेतलं होतं. आणि मी तिच्या आईशी गप्पा छाटत बसले!"

डोळ्याचा वरचा थर त्यांनी घरीच घासून काढला होता. आता तिनं समोर बसायला हवं होतं.

तिच्या आईनं दार अर्धंच उघडलं. "ती कुणाला भेटत नाही हो."

"नको भेटू दे, ऐकू दे," म्हणत ताईंनी आवाज चढवला. "पोरी, तुझ्या चेहऱ्यात काही बिघडलेलं नाही. माझं काम बिघडलंय. तुला थेंब घातले होते, ते मी विचारलंच नाही!"

आतून आवाज आला, "म्हणजे बाहुली पसरलेली होती?"

"हो."

"आणि तुम्ही तशीच रंगवलीत?"

"अगदी मन लावून!"

आत कुणीतरी हसलं. आईनं दार पुरतं उघडलं.

ती खिडकीशी उजेडात बसली. ताई अगदी बारीक ब्रशनं रंग लावू लागल्या. जरा वेळानं तीच बोलू लागली. "पूर्वी बायका एका विषारी झाडाचा रस मुद्दाम डोळ्यात घालायच्या, माहितेय? बाहुली मोठी आणि सुंदर दिसावी म्हणून."

"मग मी तुला सुंदरच केलं होतं की!"

"तुमचं आपलं काहीतरीच."

ताईंना निमित्तच हवं होतं. फार जुन्या काळी मातीचा रंगवलेला डोळा कापडावर चिकटवून पापणीवर बांधायचे, मग काच आली, मग महायुद्धात चांगली काच मिळेना तेव्हा दात बनवणाऱ्यांनी कवळीच्या प्लॅस्टिकचा डोळा करून पाहिला, हे सगळं ब्रश न थांबवता त्यांनी सांगितलं.

"म्हणजे माझा डोळा कवळीचा चुलतभाऊ?"

"सख्खा!"

पांढऱ्या भागावर शिरांसाठी तांबड्या रेशमाचे तंतू चिकटवले, वर पारदर्शक थर दिला आणि डोळा साच्यात घट्ट आवळून आम्ही माझ्या स्वयंपाकघरात आणला. आता थर पक्का व्हायला तो पाण्यात बराच वेळ उकळायचा. अन्नाच्या भांड्यात? मन कचरलं. पण देवाचं नाव घेतलं आणि गॅस पेटवला. आमचे हे वासावर आले. "काय शिजतंय?"

"डोळा," मी म्हटलं. आल्या पावली परत गेले.

थंड झाल्यावर ताईंनी तो घासूनपुसून चकचकीत केला आणि दिवेलागणीच्या आत तिच्या घरी जाऊन बसवला. तिनं आरसा हातात घेतला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ताई शेजारी उभ्या. एवढं काम पाठीशी असूनही पहिल्यांदाच परीक्षेला बसल्यासारख्या.

"उद्या सोमवार. पहिला तास हाच," ती म्हणाली. "कोणता डोळा बनवलेला, ते मुलांनी ओळखायचं. कसं ओळखलं, तेही सांगायचं."

तिची आई पलंगावर बसली ती रडायलाच लागली. ताई ब्रश पुसत राहिल्या.

दृष्टी देणं देवाच्या हातात. पण माणसाला चारचौघांत मान वर करून उभं राहता यावं, एवढं काम त्यानं ताईंसारख्यांवर सोपवलं असावं. आणि चूक झाली तर दार ठोठावून ती सांगायची हिंमतही त्यांनाच दिली असावी.

परतताना मी म्हटलं, "उद्या तरी विश्रांती घ्या."

"उद्या कसली? सकाळीच शिंप्याच्या आईकडे जायचंय. तिचा डोळा टोचतोय, कडा घासून द्यायचीय."