बाईंच्या वहीवरच्या फुल्या

हे कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, रविवारच्या बैठकीतल्या एकाही माणसाला नाही. बाईंना तर नाहीच — आणि आता त्यांना कळायची सोयही उरलेली नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? माझं एखादं पुस्तक वाचलं असेल, तर ओळखत असाल. मग तर सांगायलाच हवं.

नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका कॉलनीत बाई राहायच्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. नव्वदच्या दशकात आमच्या भागात जो कोणी दोन ओळी खरडत होता, तो कधी ना कधी त्यांच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसलेला आहे. मनमाडहून रेल्वेतले पवार यायचे, निफाडहून द्राक्षबागा सांभाळून कविता करणारे एक गृहस्थ यायचे, आणि मी — एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, डब्याच्या पिशवीत कथा लपवून आणणारी. बाई सगळ्यांना आधी पोहे द्यायच्या, मग वाचायला लावायच्या.

त्यांची एक पद्धत होती. लिखाण ठेवून घ्यायच्या, दोनदा वाचायच्या आणि पेन्सिलीने समासात खुणा करायच्या. खुणा दोनच. नागमोडी रेघ म्हणजे इथे थांब, अजून सांग. फुली म्हणजे हे काढ. बाकी एक शब्द नाही. आणि नियम असा, की फुलीवर वाद घालायचा नाही. घरी जायचं आणि काढून बघायचं. माझ्या पहिल्या कथेवर अकरा फुल्या होत्या. परत येताना मी रिक्षात रडले होते. पण काढून जे उरलं, ते छापून आलं. माझं जे काही थोडंफार नाव आहे, ते त्या फुल्यांमुळे आहे.

मग शहात्तराव्या वर्षी बाईंनी एक फुलस्केप वही माझ्या हातात ठेवली. काठोकाठ भरलेली, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात. दुसरी प्रत नव्हती. म्हणाल्या, "लहानपणाचं लिहिलंय गं, सटाण्याकडचं. बाकीचे कौतुक करतील. मला तुझी फुली हवीय." सोबत टोक काढलेली पेन्सिलही दिली. जन्मभर दुसऱ्यांचं वाचणाऱ्या बाईने पहिल्यांदाच कोणाला तरी आपलं वाचायला दिलं होतं.

मी ती वही फ्रीजवर ठेवली.

दोन महिने ती तिथे होती. माझा पहिला संग्रह त्याच वर्षी आला होता; सत्कार, मुलाखती, काय काय चाललं होतं. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशनही झालं होतं. हे सगळं खरं आहे. पण कारण ते नव्हतं. कारण सांगू? मी पहिली चौदा पानं वाचली — गिरणा नदी, शाळा, धाकटी बहीण लीला — आणि मला कंटाळा आला. दुसऱ्यांना शिकवणारं माणूस स्वतः काय लिहिणार, असं मला वाटलं. तेव्हा मी चार सत्कारांनी फुगलेली बाई होते. एवढंच.

शेवटी बाईंचा फोन आला, रविवारी वही घेऊन ये म्हणून.

त्या रविवारी सकाळी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून बाईंच्या वहीवर खुणा केल्या. न वाचता. पानं उलटत गेले आणि जिथे हात थांबला तिथे फुली. फार जवळजवळ नकोत, फार लांबही नकोत — संशय यायला नको. मधे मधे नागमोडी रेघा. एका ठिकाणी तर सलग चार पानांवर फुल्या मारल्या, कारण थोड्याच असल्या तर मन लावून वाचलंय असं वाटणार नाही, असं मला वाटलं. बघा, तेवढी अक्कल होती.

बाईंनी चष्मा लावून पानं चाळली. त्या चार पानांशी थांबल्या. "हे सगळं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "बाई, तिथे जरा पाल्हाळ होतंय."

त्यांनी ती चारही पानं पुन्हा एकदा उलटली. मग म्हणाल्या, "असेल. मलाच ते सोडवत नव्हतं." नियम त्यांचाच होता — फुलीवर वाद नाही. मला तेव्हा लाज वाटली का? नाही. सुटल्यासारखं वाटलं. मी पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले.

सांधे धरलेल्या बोटांनी त्यांनी चार महिने सगळं पुन्हा लिहून काढलं. जुनी वही बंबात घातली. पुस्तक निघालं, बारीकसं. बैठकीत पवारांनी विचारलं, "बाई, ती लीला पुढं गेली कुठं? एकदम नाहीशीच झाली. लय चुटपुट लागली हो." बाई माझ्याकडे बघून हसल्या. "ते हिने काढायला लावलं. बरोबरच केलं तिने. ते माझ्यापुरतं होतं." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मीही हसले.

घरी येऊन पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. लीला आठव्या पानावर येते, झाडावर चढते, बाईंची पाटी फोडते, एकोणतिसाव्या पानापर्यंत हसत असते. तिसाव्या पानावर बाई एकट्याच शाळेत जातात. मी परत परत उलटून पाहिलं. बाई त्यानंतर पाच वर्षं होत्या. कितीतरी रविवार त्यांच्यासमोर बसले. 'बाई, लीलाचं काय झालं?' हे चार शब्द विचारता आले असते. पण विचारलं असतं, तर मी वाचलेलं नव्हतं हे उघड झालं असतं. म्हणून नाही विचारलं. त्या गेल्या तेव्हा रडूही आलं नाही. शोकसभेत चांगलं बोलले, लोकांनी डोळे पुसले, मी बघत होते.

सभेनंतर त्यांचा भाचा भेटला, भावाचा मुलगा. भला माणूस. म्हणाला, "आत्याला बहीण होती, हे आम्हाला पुस्तकातूनच कळलं. बाबा खूप नंतरचे, घरात कोणी कधी विषयच काढला नाही. पूर्ण वही फक्त तुम्ही वाचलीय. पुढे काय झालं होतं तिचं?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. सभागृह रिकामं झालं होतं, तो आणि मी दोघंच होतो. तो वाट बघत होता.

मी म्हणाले, "तापाने गेली."

तीन वर्षांनी त्याने बाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली. मला एक प्रत पाठवली, आभारात माझं नाव आहे. एकोणतिसाव्या पानाखाली बारीक टाइपात तळटीप आहे: 'लेखिकेची धाकटी बहीण लीला बालपणीच तापाने वारली.' बाईंच्या पुस्तकातलं ते वाक्य माझं आहे.